थोट्या भुंगेऱ्यांचं बेट

किनाऱ्यावरचे सगळे दगड उलटायचे, त्यांच्याखालचे भुंगेरे मोजायचे आणि जिवंत परत यायचं! मोहीम एवढीच होती. ऐकायला सोपी वाटते ना? मग तुम्ही ते बेट पाहिलेलं नाही. किनाऱ्यापासून एक अख्खा दिवस समुद्रात आत, झाड नाही, झरा नाही, नांगर टाकायला धड जागा नाही. वारा तर असा की बोलायला तोंड उघडलं तर शब्द घशातच परत जावा. खलाशी त्या बेटाचं नाव घेत नसत. नुसतं 'ते' म्हणत आणि विषय बदलत.

तरी काका तिथे सव्वीस वर्षं दरसाल जात होते, आणि ही सत्ताविसावी खेप होती.

काका म्हणजे संग्रहालयातल्या कीटकखोलीचे जुने प्रमुख. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, पण खोलीची किल्ली अजून त्यांच्याच खिशात होती आणि ती मागायची कुणाची छाती नव्हती. सोबत त्यांची पुतणी. लहानपणी दिवसभर भिंग घेऊन मुंग्यांच्या मागे फिरायची म्हणून काकांनी तिला भिंगू म्हणायला सुरुवात केली. आता ती चौतीस वर्षांची झाली होती, त्याच खोलीत नोकरीला होती, तरी भिंगूची भिंगूच राहिली. तिची बेटावरची ही बारावी खेप.

त्या खोलीत एक उंच कपाट होतं आणि कपाटात सव्वीस खण. प्रत्येक खणाच्या तळाला बुचाचा मऊ थर, थरात टाचण्यांच्या रांगा, प्रत्येक टाचणीवर पंख पसरून बसवलेला एक काळा भुंगेरा. पहिल्या वर्षीच्या खणात तीनशे बारा. टाचणी खुपसायला जागा नाही. दहाव्या खणात नव्वद. सव्विसाव्यात फक्त चार. आणि कपाटावर काकांच्या वळणदार अक्षरातली पट्टी: 'वाऱ्याने निवडले.'

संग्रहालयात नवं दालन उभं राहत होतं. दालनाची मधली भिंत या खणांना मिळणार होती. सत्ताविसावा खण रिकामा लागला, म्हणजे यंदा एकही पंखवाला सापडला नाही, की गोष्ट पुरी. वाऱ्याने सगळे पंखवाले पुसून टाकले! काकांचं सगळं आयुष्य त्या रिकाम्या खणात मावणार होतं. फक्त एका दूरच्या तज्ज्ञाने पत्र लिहून विचारलं होतं, "वाराच कशावरून?" त्या दोन शब्दांनी काकांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती.

"यंदा शून्य आणायचं," ते भिंगूला म्हणाले होते, "आणि त्याच्या तोंडावर फेकायचं."

भिंगूलाही तेच हवं होतं. वडील गेल्यावर तिला याच माणसाने वाढवलं होतं.

बोटीवर तिसरा माणूस होता तांडेल. बोट त्याची, सुकाणू त्याचं, आणि जीभही त्याचीच. ती एक मिनिट स्वस्थ बसेल तर शपथ!

"काय हो किडेवाले," तो म्हणाला, "वारा पाहून भुंगेऱ्याने पंख टाकून दिले म्हणता. मी तीस वर्षं वारा खातोय. माझे कान नाही गळाले ते?"

भिंगूला हसू फुटलं. काकांना नाही.

"टाकले नाहीत!" काका कडाडले. "तुला मुलं किती?"

"तीन."

"सारखी आहेत तिघं?"

"छे हो! थोरला ताडमाड, मधली गिड्डी, धाकट्याचं तर बोलूच नका."

"झालं तर. भुंगेऱ्यांचंही तसंच. एकाच्या पाठीवरच्या ढालीखाली लांब पंख, दुसऱ्याच्या ढालीखाली नुसते थोटके. जन्मतःच! लांब पंखवाला उडाला की वारा त्याला समुद्रात फेकतो. थोटा दगडाखाली चिकटून बसतो, जगतो, त्याला पोरंबाळं होतात, आणि ती बहुतेक बापासारखीच थोटी निघतात. असं पिढ्यानपिढ्या. एक भुंगेरा जन्मभर आहे तसाच राहतो रे, बदलते ती त्यांची वस्ती. मागे कोण उरतं, एवढाच सगळा खेळ आहे."

"आणि मागे कोण उरणार हे वारा ठरवतो?"

"वारा!"

"बरं बुवा," तांडेल म्हणाला आणि समुद्रात थुंकला. वाऱ्याने ती थुंकी परत त्याच्याच सदऱ्यावर आणून टाकली.

बेटाने त्यांचं स्वागत केलं ते तंबू फाडून. पहिल्याच दुपारी कापड टरकन फाटलं, दोन खुंट्या उपटून समुद्रात गेल्या. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या एका पिंपात खारं पाणी शिरलं. पक्षी तर हाडवैरी! कड्यावर त्यांची घरटी होती. मान वर केली की ते चोची रोखून अंगावर झेपावत. भिंगूच्या कपाळावर खोक पडली, तिने रुमाल बांधला आणि पुन्हा गुडघ्यांवर बसली. इथे कुणी कुणाची चौकशी करत नव्हतं. बेट तर मुळीच नाही.

कामाची रीत ठरलेली होती, सत्तावीस वर्षांत तिच्यात तसूभर फरक नाही. उतरायची जागा एकच, पश्चिमेची, कड्याच्या आडोशाची चिंचोळी पट्टी. तिथला एकही दगड सोडायचा नाही. दगड उलटला की भुंगेरा चिमटीत धरायचा, बोथट टाचणीने पाठीवरची ढाल उचलून पाहायची. थोटा असेल तर मोजून पुन्हा त्याच दगडाखाली ठेवायचा. पंखवाला असेल तर झोपेच्या बाटलीत. तळाशी विष घातलेली जाड काचेची ती बाटली काकांच्या पट्ट्याला कायम लटकलेली असे. पंखवाले टाचणीवर शोभून दिसत, त्यांचे पंख पसरता येत. थोट्यांचं काय करायचं?

"थोटा आपल्या घरी," काका प्रत्येक वेळी म्हणत. "आपण निसर्गात ढवळाढवळ करत नाही."

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चारशे सतरा थोटे झाले. पंखवाला एकही नाही! काका आता प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणायला लागले होते. शेवटचे दहा दगड. पाच. दोन. शेवटचा दगड भिंगूने उलटला, भुंगेरा उचलला आणि ढाल वर केली.

ढालीखाली पातळ, घडी घातलेले, चकचकीत पंख होते.

खोटं बोलावं असं तिला क्षणभर वाटलं. बोलली नाही. नुसता हात पुढे केला. काकांनी पाहिलं, ओठ आवळले, बाटलीचं झाकण काढलं. भुंगेऱ्याने काचेवर दोनदा पाय मारले आणि तो निपचित पडला.

"एकच होता," काका म्हणाले. "आता पट्टीवर एकही उरला नाही. पुढच्या वर्षी शून्य. नक्की."

भिंगूला त्या बोलण्यात काहीतरी खटकलं. दातात काही अडकावं आणि जिभेला सापडू नये, तसं. पण विचार करायला वेळ मिळाला नाही, कारण खालून तांडेलाची आरोळी आली.

"वारा फिरला! अहो किडेवाले, वारा फिरला!"

खरंच. सत्तावीस वर्षं पूर्वेकडून येणारा वारा आता पश्चिमेकडून, उघड्या समुद्रावरून येत होता. आडोशाची पट्टी आता उघडी पडली होती. बोट दोरावर हिसके खात होती, तिचा एक कठडा खडकावर आपटून फुटलाच होता.

"इथे राहिली तर बोटीच्या चिंधड्या होतील!" तांडेल ओरडला. "मी वळसा घालून पलीकडे नेतो. तिकडे आता आडोसा मिळेल. तुम्ही कडा ओलांडून या. उजेड आहे तोवर या! नाही आलात तर मी थांबणार नाही, ताई, आत्ताच सांगतो. मलाही घरी पोरं आहेत."

"पलीकडे? तिथे आम्ही कधी—" काका बोलू लागले, पण बोट निघालीसुद्धा.

पलीकडची बाजू म्हणजे वाऱ्याची बाजू. तिथे कधी कुणी उतरलं नव्हतं. उतरायची गरजही वाटली नव्हती. जिथे वारा थेट थोबाडीत मारतो तिथे भुंगेरा कशाला राहील?

चढण सुरू झाली. काकांचा उजवा गुडघा गेल्या वर्षीपासून कामातून गेला होता. भिंगूने दोर स्वतःच्या कमरेला बांधला, दुसरं टोक त्यांच्या. खडक भुसभुशीत, पक्ष्यांच्या विष्ठेने निसरडे. दहा पावलं. थांबा. आणखी दहा. मागून वाऱ्याचा असा धक्का यायचा की दोघं कड्याला चिकटून राहायची. वर पक्षी तयारच होते. एकाने काकांच्या टोपीवर चोच मारली, दुसऱ्याने टोपीच नेली.

"घ्या!" काका पक्ष्यांवर खेकसले. "चष्माही घ्या! दातही काढून देतो!"

माथ्याजवळ काकांचा पाय सुटला. दोराचा हिसका बसला, भिंगू पोटावर आपटली, फरफटत दोन हात खाली गेली. नखं फुटली. बोटांना एक कपार लागली. धरली! खाली काका दोरावर लोंबकळत होते.

"काका, पाय टेका!"

"टेकतोय! ओरडू नकोस!"

"ती बाटली काचतेय तुम्हाला, टाकून द्या ती!"

"बाटली टाकणार नाही."

कसेबसे, इंच इंच करत ते वर आले. दोघांच्या नाकी नऊ आले होते. पलीकडच्या उतारावर वारा एकदम पडला, इतका की कानांत घंटा वाजल्यासारखं झालं. खाली एक दगडांनी भरलेली घळ होती आणि घळीच्या तोंडाशी समुद्र. तांडेलाची बोट दूरवर वरखाली होत होती. वारा आता या बाजूला नव्हता, पण त्याने इतके दिवस उठवलेल्या लाटा अजून येतच होत्या. तांडेलाने दोन्ही हात हलवून खूण केली. थांबा, लाटांमध्ये फट मिळाली की येतो.

थांबायचं होतं. मग किडेवाले दुसरं काय करणार? भिंगूच्या हाताने आपसूक एक दगड उलटला.

त्याच्याखाली भुंगेरा होता. तिने ढाल उचलली. लांब पंख!

दुसरा दगड उलटला. पंखवाला. तिसऱ्याखाली दोन, दोन्ही पंखवाले. ती गुडघ्यांवर रांगत सुटली, कपाळाची खोक विसरली, फुटलेली नखं विसरली. वीस दगड, तेवीस भुंगेरे. एकवीस पंखवाले, थोटे फक्त दोन.

"काका, हे बघा!"

काकांनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिलं.

"अशक्य आहे! इथे वर्षभर वारा अंगावर येतो. इथे एकही असता कामा नये!"

"पण आहेत ना. वाऱ्याच्या बाजूला आहेत, आणि आडोशाच्या बाजूला नाहीत. मग वाऱ्याने..."

"चूप! सत्तावीस वर्षं मी इथे हाडं झिजवली आहेत, आणि तू मला वीस दगडांच्या जोरावर शिकवतेस?"

तेवढ्यात एक भुंगेरा उडाला आणि काकांच्या बाहीवर येऊन बसला. आणि काकांचा हात बाटलीकडे गेला. त्यांनी पाहिलंही नाही, विचारही केला नाही. डाव्या अंगठ्याने झाकण फिरवलं, उजव्या हाताची चिमूट पुढे आली. सत्तावीस वर्षांची सवय ती!

दातात अडकलेलं ते जिभेला सापडलं. भिंगूने त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"काका. पंखवाला दिसला की आपण काय करतो?"

"सोड हात."

"बाटलीत टाकतो. आणि थोटा?"

काका मनगट सोडवू पाहत होते.

"थोटा परत ठेवतो. त्याच्याच दगडाखाली, जपून, म्हणजे त्याला पोरंबाळं व्हावीत! दरवर्षी. एकही दगड न सोडता. तीनशे बारा पंखवाले पहिल्याच वर्षी उचलले आपण त्या पट्टीवरून. मग पुढच्या वर्षी कमी मिळणार नाहीत तर काय? कोण मागे उरणार ते वाऱ्याने नाही ठरवलं, काका. आपण ठरवलं. आपल्या बाटलीने!"

काकांनी मनगट हिसकून सोडवलं. त्यांचा चेहरा इतका तुटका, इतका परका झाला होता की भिंगूला त्यांची भीती वाटली.

"माझं अन्न खाऊन मोठी झालीस," ते म्हणाले. "आणि माझ्याच मुळावर उठलीस."

ते शब्द तिला लागले, जिव्हारी लागले. डोळ्यांत पाणी आलं म्हणून तिने मान वळवली, आणि म्हणूनच ते तिला दिसलं.

घळीच्या खालच्या टोकाला भुंगेरे उडत होते. एक, दोन, मग एकदम पन्नास. मग त्यांच्या वरच्या रांगेतले, मग त्याच्याही वरचे. दगडांच्या फटींतून काळा धूर निघावा तसे ते वर येत होते आणि वरच्या खडकांवर जाऊन बसत होते. वारा नव्हता. मग हे उडतायत कशाला? तिने पायाशी पाहिलं. दगड वरून कोरडे होते, पण त्यांच्याखाली पाणी बुडबुडत होतं.

पाणी खालून येत होतं!

"वर! काका, वर चढा! लाट!"

"तू मला आता..."

तिने पुढचं ऐकलंच नाही. कमरेचा दोर दोन्ही हातांनी धरून तिने त्यांना ओढलं, ढकललं, जवळजवळ फेकलं. एक खडक. दुसरा. तिसरा! मागे घळीत गडगडाट झाला. ती सगळी जागा, तिने उलटलेले वीसच्या वीस दगड, पांढऱ्या फेसाखाली गेले. पाणी गुडघ्यांपर्यंत आलं, कमरेपर्यंत आलं, आणि खेचायला लागलं. भिंगूने खडकाला मिठी मारली. काकांचा एक हात खडकावर होता, आणि दुसरा हात छातीशी बाटली धरून!

लाटेच्या पाठीवरून तांडेल बोट घेऊन घुसला. वेडा माणूस! त्याने दोर फेकला. दोर काकांच्या खांद्यावर पडला आणि घसरू लागला.

"म्हातारबा, धरा! दुसऱ्यांदा नाही फेकायचो!"

धरायला हात मोकळा नव्हता.

"काका, सोडा ती!" भिंगू किंचाळली. "मला तुम्ही हवे आहात! सोडा!"

काकांनी बाटलीकडे पाहिलं. आत तो एकटा भुंगेरा पाठीवर पडला होता. मग त्यांनी बोटं उघडली. बाटली खडकावर आपटली, फुटली, आणि पाण्याने तुकडेसुद्धा नेले. काकांनी दोर धरला.

बोटीत दोघं थिजल्यासारखी पडून होती. बोटीच्या कडेने फेस वाहत होता आणि फेसावर दोन भुंगेरे तरंगत होते. भिंगूने हात घालून ते उचलले. ढाल उचलून पाहिली. थोटे. दोन्ही बुडून मेलेले.

"या बाजूला दगडांखाली पाणी शिरतं," ती हळूच म्हणाली. "उडता येतं तो वाचतो. वारा असताना उडतच नसणार ते. पाणी आलं की उडतात, बसतात, बस्स."

काकांनी ते दोन भुंगेरे तळहातावर घेतले. एकेकाची ढाल पुन्हा उचलून पाहिली.

"पट्टीवर पाणी शिरत नाही," ते म्हणाले. "तिथे पंखवाल्यांना मारणारं दुसरं काही नव्हतं." मग भिंगूकडे वळून, "मी तुला घळीत जे बोललो..."

"राहू द्या, काका."

तांडेलाला काही कळलं नव्हतं. भिंगूने त्याला सांगितलं. बाटली, पंखवाले, थोटे, सगळं. सुकाणूवर हात ठेवून त्याने नीट ऐकलं आणि डोकं खाजवलं.

"म्हणजे वारा वारा म्हणत होतात," तो म्हणाला, "तो वारा तुम्हीच होतात की!"

काका रागावतील असं भिंगूला वाटलं. ते हसले. मग हसता हसता त्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

परतल्यावर तिसऱ्या दिवशी काका सकाळीच कीटकखोलीत आले. भिंगू कपाट पुसत होती. एकेक खण ओढून ती पाहत होती. इतकी वर्षं ज्यांना वाऱ्याने पुसलं असं दोघं धरून चालली होती, ते सगळे इथेच होते, टाचणीवर, रांगेत, पंख पसरून.

"नव्या दालनात खण लावायचे," काका म्हणाले. "सगळे. भिंत सोडायची नाही."

"काका, पण आता..."

"आता तर नक्कीच लावायचे. लोकांना कळू दे, निवड म्हणजे काय असते ते. तिला वाराच लागतो असं नाही. आणि पत्र लिहिणाऱ्या त्या तज्ज्ञाला बोलाव. सांग, तुझा प्रश्न बरोबर होता."

त्यांनी खिशातून नवी पट्टी काढली. अक्षर तेच, वळणदार. जुनी पट्टी काढून त्यांनी ती तिथे टाचली. 'आम्ही निवडले.' खाली त्यांनी स्वतःची सही केली, पूर्ण नावाने. सहीच्या शेजारी तेवढीच कोरी जागा सोडली होती.

"बारा खेपा तुझ्याही आहेत," म्हणत त्यांनी पेन पुढे केलं.

भिंगूने पेन घेतलं आणि सही केली. मग काकांनी खिशातून खोलीची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली आणि गुडघा धरत ते खुर्चीत बसले.